बोहनीचं लॉगिन

“मॅडम, मला एकच सांगा. त्या बाईंना ठेवायचं की काढायचं?”

नाडकर्णी साहेबांचा फोन आला तेव्हा माझी रिक्षा कशेळीला अडकली होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला टेम्पोवाला आणि त्याचा हॉर्न थेट माझ्या कानात.

“साहेब, मी लॉगिनचं काम करते. माणसं ठेवायचं-काढायचं खातं माझ्याकडे नाही.”

“लॉगिनचंच आहे हो! सिस्टिम म्हणते, बाईंनी भिजलेला माल सोडला. बाई म्हणतात, मी त्या दिवशी गणेशपुरीला होते. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. आणि सिस्टिम काही खोटं बोलत नाही.”

“सिस्टिम खोटं बोलत नाही, खरं आहे. पण तिला जे सांगाल तेच ती शपथेवर सांगते. पोपट आहे तो.”

साहेबांना पोपट आवडला नाही. शनिवारपर्यंत रिपोर्ट द्या म्हणाले आणि फोन ठेवला.

साहेब म्हणजे एका गोदामवाल्या कंपनीचे ऑपरेशन्सचे मोठे साहेब. बसतात ठाण्याच्या हेड ऑफिसात. कंपनी दुसऱ्यांचा माल आपल्या गोदामात ठेवते आणि गावोगावी पाठवते. आणि मी नीलिमा कांबळे. मूळची भिवंडीचीच. बाबा इथल्याच शाळेत मास्तर होते. मी कॉम्प्युटरला माणसं ओळखायला शिकवते, असा माझा धंदा आहे. आईला तो अजून नीट कळलेला नाही. ती शेजारणींना सांगते, “आमची नीलू पासवर्ड विसरलेल्यांना मदत करते.” अगदीच चूक नाही.

या कंपनीने दिवाळीनंतर एका दुसऱ्या पार्टीकडून ‘सिंगल साइन-ऑन’ बसवून घेतलं होतं. ते काय असतं, ते सांगते. पूर्वी गोदामातल्या माणसाला प्रत्येक कामाची वेगळी वेबसाइट होती. गाडी सोडायची एक, मालाचा हिशोब ठेवायची दुसरी, रजेची तिसरी, सेफ्टीच्या ट्रेनिंगची चौथी. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. सिंगल साइन-ऑनमध्ये एकदाच ओळख पटवायची, मग सगळे दरवाजे आपोआप उघडतात. आपल्याकडे हळदीच्या मांडवात असतं तसं. मांडवाच्या तोंडाशी नवऱ्यामुलाचा मामा उभा असतो. तो एकदा म्हणाला “आपलाच हाय,” की मग जेवायला बसा, खुर्ची ओढा, डीजेसमोर नाचा, तुम्हाला कोणी विचारत नाही. हा मामा म्हणजे आमचं सिंगल साइन-ऑन.

आता भिवंडीजवळच्या राहनाळच्या गोदामात मामा बसवला खरा, पण हेड ऑफिसच्या रिपोर्टमध्ये एक विचित्र गोष्ट दिसत होती. गोदामात माणसं खंडीभर, लॉगिन करणारं माणूस एकच. मंदा भोईर, डिस्पॅच इन्चार्ज. म्हणजे कोणती गाडी कधी सोडायची हे ठरवणारी बाई. बाकीचे लॉगिन वापरतच नाहीत, ते वापरायला लावा, म्हणून मला बोलावलं होतं. आणि माझं काम सुरू व्हायच्या आतच हे मिक्सरचं लफडं झालं.

गोदामाच्या छतावरची टाकी फुटली होती आणि खाली ठेवलेली मिक्सरची खोकी भिजली होती. असा माल ‘होल्ड’वर टाकतात, म्हणजे वेगळा काढून ठेवतात. माल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस तपासून जाईपर्यंत हलवायचा नाही. तोच माल कोणीतरी सोडला आणि गाडी नाशिकला पोचली. तिथल्या डीलरने पहिला मिक्सर चालू केला आणि दुकानाचा फ्यूज उडाला. नशीब, नुसता फ्यूजच उडाला. माल सोडणाऱ्याचं नाव सिस्टिममध्ये होतं, मंदा भोईर. बाईंनी पैसे खाऊन खराब माल काढून दिला, असं हेड ऑफिसात कुजबुजायलाही लागले होते.

राहनाळला पोचले तेव्हा मंदाताई काउंटरवर बसून चलनांवर शिक्के मारत होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि कंपनीचं ओळखपत्र, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं. मला बघून म्हणाल्या, “तुम्हीच का त्या? बसा. आधी चहा घ्या. मग काय ते विचारा.”

मी चहा घेता घेता लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या नावावरचा इतिहास वाचायला लागले. वाचता वाचता चहा नाकात गेला.

“मंदाताई, तुम्ही फोर्कलिफ्ट चालवता?”

“मी? मला साधी स्कूटी येत नाही.”

“तुम्ही फोर्कलिफ्टचा सेफ्टी कोर्स पास झालाय. दोनदा.”

“अगं बाई!”

“आणि एकाच आठवड्यात तुम्ही तीन गावच्या जत्रांना रजा टाकलीय. आणि हे बघा, तुम्ही बाप होणार म्हणून पॅटर्निटी लीव्हही मागितलीय.”

मंदाताईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या अशा हसल्या, की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. “तो गोट्या असेल. पॅकिंगचा. मुलगा झाला त्याला. पेढे आणून दिले होते मला, पण हे नाही सांगितलं.”

मग हसू ओसरलं. त्यांनी शिक्का उचलून परत खाली ठेवला. “मॅडम, हसायचं ठीक आहे. पण मिक्सर मी नाही सोडले. यांचे लूम बंद पडून वर्षं झाली, हे घरी असतात. पोरगी बीएड करतेय. घर माझ्यावर आहे. काढलं तर काढलं, दुसरीकडे भांडी घासीन. पण चोर म्हणून नाही जायचं मला इथून.”

मला तेव्हाच कळलं होतं, की ही बाई चोर नाही. कोणी चोर माल चोरून वर पॅटर्निटी लीव्ह मागत नाही. पण ‘मला वाटतं’ असं लिहून रिपोर्ट होत नसतो. हे गोदाम लॉगिन कसं करतं, ते डोळ्यांनी बघायला हवं होतं. मी सांगितलं, “उद्या सकाळी शटर उघडायच्या वेळेला येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तेव्हा गेटवर सगळे आपापले मोबाईल सिक्युरिटीकडे जमा करत होते. गोदामात मोबाईल न्यायची बंदी आहे. परवानगी फक्त मंदाताईंना आणि शिफ्ट सुपरवायझर पाटलांना. आत काउंटरवरच्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार. मॉनिटरच्या कपाळावर हळदकुंकू. कीबोर्डशेजारी उदबत्ती, तिची राख एंटरच्या बटणावर पडतेय.

सगळे काउंटरभोवती येऊन उभे राहिले. फोर्कलिफ्टवाले रफिकभाई तर गाडी बंद करून उतरून आले. मंदाताईंनी हात जोडले, पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकला. स्क्रीन उघडला. त्यांनी पहिल्या गाडीचा गेटपास काढला आणि कागद कॉम्प्युटरला लावून मग कपाळाला लावला.

“चला, झाली बोहनी!” पाटील ओरडले आणि सगळे कामाला लागले.

मंदाताई उठून माल बघायला आत गेल्या. त्यांच्या खुर्चीत पाटील बसले. पाटील उठले तर पॅकिंगवाला बसला. त्याने स्वतःची रजा टाकली. मग रफिकभाई आले, त्यांनी काहीतरी शोधलं आणि गेले. दुपारपर्यंत त्या खुर्चीत अर्धं गोदाम बसून गेलं. एकानेही लॉगआउट केलं नाही आणि एकानेही लॉगिन केलं नाही. मामाने सकाळी मंदाताईंना ओळखलं होतं आणि त्यांच्या नावावर अख्खं गाव जेवून चाललं होतं.

मी पाटलांना गाठलं. पाटील इथलेच, राहनाळचे. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, मनाने सरळ. “पाटील, तुमचं स्वतःचं लॉगिन आहे ना?”

“हाय ना. कागदावर लिवून दिलेला त्यांनी. घरी हाय.”

“मग मंदाताईंच्या लॉगिनवर सगळे का बसता?”

“तसा न्हाय मॅडम. दुकानात बोहनी एकाच हाताने होते ना? नंतर गल्ल्यावर कोन पण बसतो. ताईचा हात चांगला हाय. तिने उघडला की दिवस सुरळीत जातो.”

रफिकभाई पुढे सरसावले. “सच में, मॅडम. एक बार पाटीलने खोला था. उसी दिन कशेळी में गाडी का पट्टा टूटा, प्रिंटर बंद, और शाम को लिफ्ट में उंगली आ गई मेरी.” त्यांनी बोट दाखवलं. बोट व्यवस्थित होतं, पण त्यांचा चेहरा गंभीर होता.

आता आमच्या घरात शुभहात वगैरे प्रकार नाही. बाबा म्हणायचे, हात साबणाने धुतला की झाला शुभ. त्यामुळे हे ऐकून माझं डोकंच फिरलं. कशेळीला गाडीच्या स्प्रिंगचा पट्टा तुटायला पाटलांचा हात कशाला हवा, तिथले खड्डे पुरेत! पण मी जीभ चावली. मला भलताच एक प्रश्न पडला होता.

“मंदाताईंची सुट्टी असेल तेव्हा?”

पाटील आणि रफिकभाईंनी एकमेकांकडे बघितलं.

“फोन करतो,” पाटील हळू आवाजात म्हणाले. “ताई पासवर्ड नि मोबाईलवर आलेला नंबर सांगते, आमी टाकतो. त्या दिवशी गनेशपुरीला भाचीचा साखरपुडा होता तिच्या. भटजी ओरडत होता, ‘आधी फोन ठेवा.’ तरी तिने दिला बिचारीने.”

झालं. म्हणजे मंदाताई साखरपुड्यात आणि त्यांचं लॉगिन राहनाळला. सिस्टिमही खरी आणि बाईही खरी.

पण अजून एक गाठ सुटायची होती. ही बोहनी काही आजची नव्हती. सिंगल साइन-ऑन यायच्या आधीपासून मंदाताईच सकाळी गाडी सोडायची वेबसाइट उघडत होत्या आणि सगळे त्याच लॉगिनवर बसत होते. तेव्हा होल्डचा माल कधी निसटला नाही, मग आताच कसा? मी पाटलांना म्हटलं, “तुम्ही रोज गाडी कशी सोडता, ती मला करून दाखवा.”

ते बसले. भराभर बटणं दाबली. गाड्यांची यादी आली, प्रत्येकीसमोर हिरवं ‘रिलीज’ बटण. शेजारी अजून एक टॅब होता, ‘होल्ड’. त्यातही खोक्यांची यादी आणि तसंच हिरवं ‘रिलीज’ बटण. रंगाने, आकाराने जुळे भाऊ.

“हा टॅब पूर्वी होता?”

“होता. पन दाबला की पासवर्ड मागायचा. तो फक्त ताईला म्हायती. म्हनून आमी तिकडं जायचोच न्हाय. आता काय न मागता उघडतो.” एवढं बोलून पाटील थांबले. हात माऊसवरच राहिला. चेहऱ्याचा रंग उतरला. “मॅडम… नाशिकची गाडी मीच सोडलेली. मी घाईत होतो. तो मीच दाबला असनार.”

कोणी न विचारता माणूस कबूल झाला. वर म्हणाला, “माझं नाव लिवा. ताईला सोडा.” ऑफिसात अशी माणसं फार बघायला मिळत नाहीत. तिथे तर चूक सापडली की ती आधी ईमेलने फिरायला निघते.

शनिवारी मी ठाण्याला जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. चोरी नाही, पैसे खाणं नाही. पूर्वी प्रत्येक खोलीला कुलूप होतं, तेव्हा एकीच्या नावावर सगळे आत शिरले तरी एकाच खोलीत शिरत होते. तुम्ही सगळी कुलपं काढून दारात एक मामा बसवला, पण माणसांची आत शिरायची सवय तीच राहिली.

साहेब हुशार माणूस. चटकन कळलं त्यांना. “बरं. चोरी नाही, मान्य. पण ओटीपी फोनवरून दिला हे खरं ना?”

“खरं.”

“ओटीपी दुसऱ्याला द्यायचा नाही, हा नियम त्यांनी सही करून मान्य केलाय. बाकीच्यांनी तरी आपापलं लॉगिन का नाही केलं? एवढं सोपं करून दिलं आम्ही!”

इथे माझा पारा चढला. “सोपं? साहेब, मोबाईल गेटवर जमा करा, हा नियम तुमचा. लॉगिनला ओटीपी मोबाईलवर येणार, हा नियमही तुमचा. मग पॅकिंगच्या माणसाने ओटीपी काय स्वप्नात बघायचा? पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, दर महिन्याला नवा. हातात ग्लोव्हज, मागे गाडीवाला बोंबलतोय. तुम्ही एक दिवस करून बघा.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “हे तुम्ही दुरुस्त करा. खर्चाला मंजुरी देतो. पण मंदा भोईरना घरी बसावं लागेल. चौकशी होईल, आणि खरं सांगू? मला वाटत नाही त्या परत येतील. मी आज सोडलं तर उद्या सगळ्या गोदामांतून ओटीपी वाटतील.”

मी भांडले. तोंड कोरडं पडेपर्यंत भांडले. उपयोग शून्य. साहेब वाईट नव्हते, पण नियमाला चिकटलेला माणूस गोंदापेक्षा वाईट.

मंदाताईंना फोनवर कळवलं गेलं. मला वाटलं, रडतील. मी भेटायला गेले तर त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. “ओटीपी मी दिला. नाही कशाला म्हणू?” त्या म्हणाल्या. “चोर नाही म्हणाले ना? मग बास.” पण तांदळातले खडे बाजूला टाकताना त्या चांगले तांदूळही टाकत होत्या, ते त्यांना दिसत नव्हतं.

घरी येऊन मी आईवर उगाच चिडले. मग कामाला लागले.

उपाय तसा साधा होता. हजेरीसाठी प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड असतंच. तेच कार्ड कॉम्प्युटरशेजारच्या छोट्या डबीला टेकवायचं. दिवा हिरवा झाला, की स्क्रीन तुमच्या नावाने उघडला. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, मोबाईल नाही. खुर्चीतून उठलात, की जरा वेळाने स्क्रीन आपोआप बंद. पुढच्याने आपलं कार्ड टेकवायचं. आणि होल्डच्या बटणाला मी लाल रंग दिला, वर ‘खरंच सोडायचा का?’ असं मराठीत विचारायला लावलं. लॉगिन सोपं करायचं म्हणजे माणसाला शिकवत बसायचं नसतं, त्याच्या गळ्यात आधीच काय आहे ते बघायचं असतं.

सगळ्यांना एकेक करून दाखवलं. सगळ्यांना जमलं. रफिकभाईंनी तर दहादा टेकवून बघितलं, लहान पोरासारखं. “ये बढिया है, मॅडम.” मी खूश. सोमवारपासून चालू करायचं ठरलं. तोपर्यंत इथला काउंटर बंद होता, गेटपास ठाण्याहूनच निघत होते. कार्डाशिवाय एकही गेटपास निघणार नव्हता. साहेब स्वतः बघायला येणार होते.

सोमवारी सकाळी शटर वर गेलं. कॉम्प्युटरला नवा हार, डबीलाही छोटा हार. सगळे काउंटरभोवती उभे. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड. बाहेर गाड्यांची रांग, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळतायत.

“चला, करा सुरू,” मी म्हटलं.

कोणी हललं नाही.

“पाटील?”

पाटलांनी छताकडे बघितलं. पॅकिंगवाल्याने चपलेकडे बघितलं. मी म्हटलं, विसरले असतील, परत करून दाखवते. “नको मॅडम, येतं आमाला,” पाटील म्हणाले आणि तसेच उभे राहिले. गाड्यांची रांग राहनाळच्या नाक्यापर्यंत गेली. हॉर्न सुरू झाले. तेवढ्यात साहेबांची गाडी त्या रांगेतून कशीबशी वाट काढत आली.

“काय चाललंय? संप आहे का?”

“न्हाय साहेब,” पाटील अगदी नम्रपणे म्हणाले. “संप कशाला? बोहनी न्हाय झाली.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. हे खरंच शुभहातासाठी थांबलेत की मंदाताईंसाठी, ते मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. बहुतेक त्यांनाही वेगवेगळं करून सांगता आलं नसतं.

“नॉन्सेन्स! मी करतो बोहनी.” साहेबांनी बाह्या सावरल्या, स्वतःचं हेड ऑफिसचं कार्ड काढलं आणि डबीला टेकवलं. दिवा हिरवा झाला.

आणि लाइट गेली.

भिवंडीत लाइट जायला कोणाचा हात लागत नाही, ती स्वतःची स्वतः जाते. हे मला माहीत, साहेबांना माहीत, सगळ्यांना माहीत. पण त्या अंधारात कोणीतरी हळूच “या अल्ला” म्हणालं, कोणीतरी “देवा”, आणि मागून एक खुदकन हसण्याचा आवाज आला. जनरेटर सुरू झाला तेव्हा साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि त्यांचं कार्ड त्यांनी खिशात टाकलं होतं.

“फोन लावा,” ते मला म्हणाले.

“कोणाला?”

“कोणाला काय विचारता मॅडम! लावा.”

मी मंदाताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साहेब म्हणाले, “मंदाबाई, नाडकर्णी बोलतोय. इथे काम खोळंबलंय. तुम्ही जरा यांना सांगा, की तुमची परवानगी आहे. फोनवरच सांगा.”

मग मंदाताईंचा आवाज आला, स्वच्छ आणि थंड.

“माफ करा साहेब. आता फोनवरून मी काहीच देत नाही. नियम आहे ना?”

पाटलांचं पोट हलत होतं, हसू दाबून.

“बरं, मग या इथे,” साहेब म्हणाले.

“येते की. कोण म्हणून येऊ? पाहुणी म्हणून आले तर गेटवरचा वॉचमन आत सोडणार नाही. माझं कार्ड तुमच्याकडे जमा आहे.”

साहेबांनी बाहेरच्या रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग त्या हार घातलेल्या डबीकडे बघितलं. मोठा श्वास सोडला. “डिस्पॅच इन्चार्ज म्हणून या. लेखी ताकीद मिळेल, बाकी काही नाही. कार्ड गेटवर ठेवतो.”

“ताकीद घेते. चूक केली तर घ्यायलाच पाहिजे,” मंदाताई म्हणाल्या. “आलेच.”

रिक्षा गाड्यांच्या रांगेत अडकली, तर त्या मधेच उतरून चालत आल्या. ड्रायव्हर बाजूला होऊन वाट देत होते. आत आल्या, कार्ड गळ्यात घातलं, मंगळसूत्रात परत गुंतवलं, हात जोडले आणि टेकवलं. हिरवा दिवा. पहिला गेटपास. कागद कॉम्प्युटरला, मग कपाळाला.

“झाली बोहनी!” पाटील ओरडले. आणि मग, मी बघतच राहिले, पाटलांनी स्वतःचं कार्ड टेकवलं. मग रफिकभाईंनी. मग पॅकिंगच्या गोट्याने. ओळीने, आपापल्या नावाने. दुपारी रिपोर्ट उघडला तर सगळं गोदाम त्यात होतं. माझे डोळे पाणावले. उदबत्तीचा धूर होता, असं मी पाटलांना सांगितलं.

आता मंदाताईंच्या नावावर फक्त मंदाताईंचं काम आहे. सुट्टी असली, की त्या आदल्या दिवशी निघताना पाटलांच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवतात. म्हणतात, “उद्या माझा हात तुमच्याकडे. नाव मात्र तुमचंच लावा.” पाटील साखर खाऊन टाकतात आणि सकाळी स्वतःच्या कार्डाने बोहनी करतात. तेव्हापासून पट्टा तुटलेला नाही म्हणे. मी वाद घालत नाही.

साहेबांनी हेड ऑफिसात या कामावर छान प्रेझेंटेशन दिलं. त्यात कार्ड होतं, डबी होती, माझंही नाव होतं. बोहनी कुठेही नव्हती. मला त्याचं काही नाही. या धंद्यात मी एवढंच शिकले, की नवीन लॉगिन बसवायच्या आधी जुनी माणसं सकाळी कोणाच्या तोंडाकडे बघतात, ते बघून यावं. ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही.

मागच्या आठवड्यात साहेबांचा परत फोन आला. मी परत कशेळीलाच अडकलेली.

“मॅडम, दुसऱ्या गोदामात पण कार्डाचं सुरू करतोय. एक विचारायचं होतं.” आवाज एकदम खाली आला, जवळ कोणी उभं असावं. “पहिल्या दिवशी मंदाबाई येतील का हो तिकडे? गाडी पाठवतो.”

मी लगेच मंदाताईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत, लाजल्याही नाहीत.

“येईन की. पण त्या दिवसाची हजेरी ऑन ड्युटी लावायला सांगा साहेबांना. आणि माझ्याच नावावर.”